पाळण्याजवळचा जागर

तान्ह्या मुलाच्या झोपेला इतिहास असतो असे कोणी म्हटले, तर श्रोत्यांपैकी पुष्कळांना ती अतिशयोक्ती वाटेल. पेशवाईतील मूल रात्री दोन वाजता जागे होऊन जसे रडत असे, तसेच आजचेही रडते. त्यात कोणत्याही राजवटीने किंवा क्रांतीने फरक पडलेला नाही. हे अगदी खरे आहे. मुलाच्या झोपेला फारसा इतिहास नाही. इतिहास आहे तो पाळण्याची दोरी हातात धरून बसलेल्या माणसांच्या मनाला. मूल झोपत नाही, तेव्हा चूक कोणाची, या प्रश्नाची उत्तरे काळागणिक बदलत गेली आहेत. आणि त्या उत्तरांबरोबर आईबापांचा स्वतःवरील भरवसाही कधी वाढला, कधी पार खचला. आजच्या भाषणात मला सांगावयाची आहे ती या दोषारोपाची हकीकत.

प्रथम मुलाची बाजू ऐकून घेऊ. नवजात अर्भक दिवसाचे सुमारे सोळा तास झोपते. पण ती झोप तुकड्यातुकड्यांची असते, आणि दिवस कोणता, रात्र कोणती, याची त्याला ओळख नसते. शिकागोचे नॅथानिएल क्लाइटमन यांनी 1953 साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांतून, ही ओळख पहिल्या काही महिन्यांत हळूहळू कशी होत जाते, हे दाखविले. मोठ्या माणसाच्या झोपेचे एक आवर्तन सुमारे दीड तासाचे, तर अर्भकाचे तासाभराच्या आतबाहेरचे; म्हणजे जाग येण्याचे प्रसंगही त्याला अधिक. लंडनमध्ये 1957 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत तीन महिन्यांच्या सुमारास शेकडा 70 मुले मध्यरात्रीनंतर सलग झोपू लागल्याचे आढळले. उरलेली तीस मुले रोगी नव्हती, की त्यांच्या आयाही अडाणी नव्हत्या. पुढे 1979 साली टॉमस अँडर्स या अमेरिकन डॉक्टरांनी घरोघरी पाळण्यावर कॅमेरे बसवून रात्रभर चित्रण केले, तेव्हा एक मौजेची गोष्ट उघडकीस आली. जी मुले ‘रात्रभर झोपतात’ असे आईबाप अभिमानाने सांगत, तीही रात्री जागी होतच होती. ती डोळे उघडीत, इकडेतिकडे पाहत, आणि कोणाला हाक न मारता पुन्हा झोपी जात. दुसरी मुले हाक मारीत, इतकाच काय तो भेद!

आता आपल्या जुन्या ग्रंथांकडे वळू. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नऊ बालग्रहांचे वर्णन आहे. स्कंद, शकुनी, रेवती, पूतना अशी त्यांची नावे. त्यांपैकी पूतनेने ग्रासलेल्या मुलाची लक्षणे सांगताना ग्रंथकार म्हणतो की, त्याचे अंग सैल पडते आणि ते दिवसा सुखाने झोपते, रात्री मात्र झोपत नाही. हे वाचताना कोणत्याही आईला हसू येईल. कारण ही तक्रार तिने डॉक्टरांपुढे नेमक्या याच शब्दांत मांडलेली असते. काश्यपसंहितेत तर बोलता न येणाऱ्या बालकाच्या वेदना कोणत्या खुणांनी ओळखाव्यात, याचा एक स्वतंत्र अध्यायच आहे. उपाय म्हणून स्नान, धूप, बली, रक्षाविधी सांगितलेले आहेत. घराघरांत हाच विचार अधिक साध्या रूपाने नांदत होता. तिन्हीसांजेला मूल किरकिरू लागले की आजी मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकी, गालावर काजळाची तीट लावी, जायफळाचे दोन वेढे उगाळून चाटवी आणि मूल मांडीवर घेऊन बसे.

या उपायांनी मूल झोपत असे किंवा नाही, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. त्यांनी आईला काय मिळे, ते पाहा. कारण घराबाहेरचे होते. कोणाची तरी नजर लागली होती, ग्रहाची पीडा होती, हवा बाधली होती. आईच्या मातृत्वावर त्यात कसलाही ठपका नव्हता. शिवाय उपाय करणारे हात तिचे एकटीचे नव्हते. मूल तरीही रडलेच, तर ते सर्व घराचे रडणे होते.

तथापि या जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा मोह मी आवरतो. ‘दृष्ट’ लागली, तर ती कोणाची तरी लागलेली असे. ती बहुधा शेजारच्या निपुत्रिक बाईची, किंवा घरातल्याच एखाद्या विधवेची असावयाची. तान्ह्या मुलाच्या आईचे मन ज्याने हलके होई, त्याचे ओझे दुसऱ्या एका दुर्दैवी स्त्रीच्या माथी पडे. बारशाच्या दिवशी जिला कोपऱ्यात बसावे लागे, तिला या शहाणपणाची किंमत विचारा. आणि सासूचा हात सदैव मायेचाच होता असेही नाही. ‘आमची कधी अशी रडली नाहीत’ हे वाक्य काही पाश्चात्त्य शास्त्राने शोधून काढलेले नव्हे.

यानंतरचे प्रकरण काळे आहे. कारखानदारीच्या युगात आईचे दिवसाचे तास विकले गेले, आणि मुलाची झोप ही गिरणीच्या भोंग्याशी बांधली गेली. इंग्लंडात अफू आणि काकवी यांपासून केलेले ‘गॉडफ्रीज कॉर्डियल’ अठराव्या शतकापासून खपत होते. अमेरिकेत मेन राज्यातील बँगर या गावी 1849 साली ‘मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप’ निघाले. त्यात मॉर्फिन असे. मुले झोपत, काही पुन्हा उठत नसत. बाटलीत काय आहे, हे छापण्याची सक्ती अमेरिकेत 1906 च्या कायद्याने झाली.

मुंबईला यासाठी बाटलीही लागत नव्हती. येथे ‘बाळागोळी’ होती. 1921-22 साली मुंबई सरकारने स्त्री कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी श्रीमती बार्न्स या डॉक्टरबाईंना नेमले होते. गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या शेकडा 98 मुलांना अफू दिली जाते, असा त्यांचा निष्कर्ष होता. कोकणातून आणि घाटावरून आलेली ही आमचीच माणसे. त्यांना अज्ञानी म्हणून हिणविणे सोपे आहे. आई दहा-दहा तास साच्यावर उभी. मूल एखाद्या म्हातारीच्या किंवा सात वर्षांच्या बहिणीच्या स्वाधीन. रात्री एका खोलीत इतकी माणसे की, मुलाच्या रडण्याने ज्यांची झोप मोडे, त्यांनाही पहाटे भोंगा गाठावयाचा असे. त्या गोळीत मातृत्वाचा अभाव नव्हता. रजेचा अभाव होता. ना. म. जोशी यांनी 1924 साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिसाहाय्याचे विधेयक आणले, ते फेटाळले गेले. 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात त्याच स्वरूपाच्या विधेयकाला डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा दिला, आणि 1929 साली या विषयावरील देशातील पहिला कायदा मुंबई इलाख्यात झाला. तान्ह्या मुलाच्या झोपेच्या इतिहासात या कायद्याचा उल्लेख कोणी करीत नाही. मला तो अनेक ग्रंथांहून महत्त्वाचा वाटतो.

कामकरी आईच्या हाती गोळी आली, त्याच सुमारास पाश्चात्त्य देशांतील सुशिक्षित मध्यमवर्गीय आईच्या हाती पुस्तक आले. न्यूयॉर्कच्या बालरुग्णालयातील डॉ. एमेट होल्ट यांनी 1894 साली बालसंगोपनावर एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. मुळात ते दायांच्या शिक्षणासाठी प्रश्नोत्तररूपाने लिहिलेले होते. भाषा स्वच्छ, उत्तरे निःसंदिग्ध. दूध कधी पाजावे, झोपवावे कधी, सर्व घड्याळाच्या काट्यावर. सवयीने रडणाऱ्या मुलाला रडू द्यावे, प्रसंगी तास-दोन तासही, असा त्यांचा सल्ला होता. न्यूझीलंडमध्ये डॉ. ट्रुबी किंग यांनी 1907 साली ड्युनेडिन येथे एक संस्था स्थापन केली. ती पुढे गव्हर्नरच्या पत्नीच्या नावावरून ‘प्लंकेट सोसायटी’ म्हणून प्रसिद्धीस आली. हे गृहस्थ मनोरुग्णालयाचे अधीक्षक. तेथील शेतीवर वासरांना ठराविक वेळी ठराविक दूध देऊन त्यांनी जे यश मिळविले, तेच पुढे मानवी अर्भकांकडे वळविले. चार-चार तासांनी दूध, रात्री मुळीच नाही, आणि मोकळ्या हवेत निजणे. अर्भकांचे मृत्यू कमी करण्याची त्यांची तळमळ खरी होती, त्यांच्या परिचारिकांनी घरोघरी जाऊन केलेले कामही मोठे होते. पण या पद्धतीचा एक परिणाम त्यांच्या हिशेबात नव्हता. जेथे नियम अचूक असतो, तेथे अपयश पाळणाऱ्याचे ठरते. मूल रात्री उठले, तर ग्रह, नजर, हवा या साऱ्या सबबी आता संपल्या. आईचा निश्चय ढळला असला पाहिजे, एवढे एकच कारण उरले.

यात सरकारही मागे राहिले नाही. अमेरिकेत 1912 साली बालककल्याणासाठी एक केंद्रीय कार्यालय निघाले. ज्युलिया लॅथ्रॉप या त्याच्या पहिल्या प्रमुख. 1914 साली त्यांनी ‘इन्फंट केअर’ ही पुस्तिका काढली. ती पाच मुलांची आई असलेल्या मेरी मिल्स वेस्ट या विधवेने लिहिली होती. मुलाच्या हट्टाला बळी पडणारी आई घरात एक जुलमी राजा निर्माण करते, असा तिचा सूर होता. अंगठा चोखू नये म्हणून मुलाची बाही बोटांवरून टाचण्याची सूचनाही तीत होती. मार्था वुल्फेनस्टाइन या विदुषीने पुढे या पुस्तिकेच्या तीन दशकांतील आवृत्त्या ताडून पाहिल्या. 1914 साली ज्या अर्भकाच्या प्रत्येक ओढीशी आईने झुंजावयाचे होते, ते चाळीस सालानंतरच्या आवृत्तीत निरुपद्रवी, जग चाचपून पाहणारे जीव ठरले होते. कार्यालय तेच, पुस्तिकेचे नाव तेच! सरकारी नोकरीत माझी बरीच वर्षे गेली असल्याने परिपत्रकांचा स्वभाव मला थोडासा ठाऊक आहे. परिपत्रक निघते त्या दिवशी त्याच्याइतके निश्चित असे जगात काही नसते, आणि ते रद्द करणारे परिपत्रकही तितक्याच निश्चयाने निघते. कारकुनाला त्याचे काही वाटत नाही. परंतु ज्या आईने पहिल्या परिपत्रकाप्रमाणे आपले पहिले मूल रडू दिले, तिने दुसरे वाचून काय करावे?

त्या कार्यालयाकडे आयांची हजारो पत्रे येत, आणि त्यांतली कित्येक पुढे संपादित होऊन प्रसिद्ध झाली आहेत. एका आईचा प्रश्न मला विसरता येत नाही. शास्त्राने सांगितलेली सर्व कर्तव्ये पार पाडून, घर नीटनेटके ठेवून, शिवाय मुलांना झोके देण्यास आणि त्यांच्याशी खेळण्यास वेळ उरेल असा काही मार्ग आहे काय, असे तिने विचारले होते. झोके देण्यासाठी सरकारची परवानगी मागण्याची पाळी आईवर यावी, यापेक्षा खचलेल्या आत्मविश्वासाचा दुसरा पुरावा कोणता हवा?

या विचारसरणीचे टोक गाठले जॉन वॉटसन या मानसशास्त्रज्ञाने. त्याचे पुस्तक 1928 चे. मुलांना कुरवाळू नये, मांडीवर घेऊ नये. सकाळी हस्तांदोलन करावे, आणि अगदीच राहवले नाही तर झोपताना कपाळावर एकदा ओठ टेकवावे, हा त्याचा उपदेश. या ग्रंथात त्याला साहाय्य करणाऱ्या त्याच्या पत्नीने, रोझाली वॉटसन हिने, 1930 साली एका मासिकात लेख लिहिला. त्यात तिने कबूल केले की, पतीचे शास्त्र तिला मान्य असले तरी मुलांना जवळ घेण्याची तिची ओढ काही जात नाही. पुढे 1936 साली वॉटसननेही आत्मवृत्तात म्हटले की, त्या विषयावर लिहिण्याइतके आपल्याला ठाऊकच नव्हते. तोवर ते पुस्तक वाचून अनेक आयांनी कित्येक रात्री दाराबाहेर उभ्या राहून काढल्या होत्या.

मग 1946 साली डॉ. बेंजामिन स्पॉक आले. ते स्वतः होल्टच्या नियमांखाली वाढलेले. त्यांच्या ग्रंथाचा आरंभच आईबापांना धीर देण्यापासून होतो. तुम्हांला समजते त्याहून तुमचे ज्ञान अधिक आहे, असा त्याचा भाव आहे. डॉक्टरांनी आईला ‘तुला कळते’ असे सांगणे, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती, आणि ग्रंथाचा जो प्रचंड खप झाला, त्याचे रहस्य मला तरी यातच दिसते. पण येथेही एक मेख आहे. मूल झोपण्यास नित्य अडवणूक करू लागले, तर प्रेमाने पण ठामपणे निरोप घेऊन खोलीबाहेर पडावे आणि परत जाऊ नये, असे स्पॉकही सांगतातच. आणि पुढील आवृत्त्यांत त्यांनी मुलांना पालथे निजविण्याची शिफारस केली. पालथे निजणाऱ्या अर्भकांत झोपेतील आकस्मिक मृत्यूचे प्रमाण अधिक असते, हे पुढील संशोधनाने सिद्ध झाले. 1991 साली ब्रिटनमध्ये आणि 1994 साली अमेरिकेत मुलांना उताणे निजविण्याची मोहीम निघाली, आणि असे मृत्यू पुष्कळ घटले. तेव्हा तज्ज्ञांचे ऐकूच नये असा माझा निष्कर्ष नाही. मूल कसे निजवावे हे तज्ज्ञांकडूनच शिकले पाहिजे. कारण तेथे प्रश्न जिवाचा आहे, आणि पुरावाही भक्कम आहे. ते किती वेळा उठले यावरून आईची परीक्षा करणे, ही मात्र निराळी गोष्ट आहे. या दोहोंची गल्लत झाली, आणि तिने फार हानी केली.

आई म्हणून आपल्याला हे जमेल, या विश्वासाचा शास्त्रीय अभ्यास गेल्या अर्धशतकातलाच. अल्बर्ट बांदुरा यांनी 1977 साली स्वतःच्या क्षमतेवरील विश्वासाचा सिद्धान्त मांडला. तो धागा धरून टेटी आणि गेलफंड या दोघा संशोधकांनी 1991 साली मुलाच्या पहिल्या वर्षातील आयांचा अभ्यास केला. त्यांना असे दिसले की, आईचे नैराश्य, मुलाचा किरकिरा स्वभाव, तिला मिळणारा माणसांचा आधार, यांचा परिणाम तिच्या संगोपनावर होतो तो मुख्यतः या विश्वासाच्या वाटेने. हे लक्षात घेतले म्हणजे रात्रीच्या जागरणाचे दुष्टचक्र उलगडते. मूल उठते, आई थकते. थकव्याने तिचा धीर सुटतो. धीर सुटला की आज थोपटणे, उद्या दार लावून घेणे, परवा पुन्हा मांडीवर, अशी धरसोड सुरू होते. त्या धरसोडीने मूल अधिकच बिथरते, आणि आईला आपल्या नालायकपणाचा आणखी एक पुरावा मिळतो. आईच म्हणावे लागते, कारण या सर्व ग्रंथांतून बाप जवळजवळ अदृश्य आहे. तो शेजारच्या खोलीत झोपलेला असतो, असे गृहीत धरलेले दिसते.

आपल्याकडे, विशेषतः नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर गेलेल्या कुटुंबांत, या चक्राने अलीकडे चांगलेच मूळ धरले आहे. इंदूर-बडोद्यास पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांची गोष्ट निराळी. पण दिल्लीच्या, चंदीगडच्या किंवा बंगळूरच्या दोन खोल्यांत बदलीवर आलेले तरुण जोडपे पाहावे. बाळंतपणाला आलेली आजी तीन महिन्यांनी परत गेलेली. शेजाऱ्यांची भाषा परकी. पुस्तकाची जागा आता हातातल्या यंत्राने घेतलेली, आणि त्यात मुलाच्या झोपेचे मिनिटामिनिटाचे आलेख. ग्रहही नाही, नजरही नाही, आणि उगाळलेले जायफळ घेऊन उठणारे दुसरे माणूसही नाही. शिवाय सल्ला देणारे पुस्तक बहुधा अशा समाजातले असते, जेथे मुलाला निराळी खोली असते. मूल आईच्या कुशीत निजते, हीच त्या पुस्तकाच्या दृष्टीने पहिली चूक!

‘झोपेची तक्रार’ ही वस्तू किती सापेक्ष आहे, याचे एक प्रमाण देतो. 2010 साली सतरा देशप्रदेशांतील तीन वर्षांपर्यंतच्या 29,287 मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात भारतही होता. न्यूझीलंडमध्ये मुले सरासरी साडेसातच्या सुमारास झोपत, तर हाँगकाँगमध्ये सव्वादहाला. आपल्या मुलाला झोपेची काही अडचण आहे, असे म्हणणारे आईबाप व्हिएतनाममध्ये शेकडा 10 होते, तर चीनमध्ये 76. दोन शेजारी देशांतील अर्भकांच्या मेंदूंत इतके अंतर असणे संभवत नाही. अंतर आहे ते बहुतांशी अपेक्षेत.

मग शिस्तीच्या त्या पद्धती सर्वस्वी निरुपयोगी आहेत काय? तसेही नाही. मेलबर्न येथे हॅरिएट हिस्कॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा ते बारा महिन्यांच्या मुलांच्या 156 आयांवर केलेला प्रयोग 2002 साली प्रसिद्ध झाला. आईबापांना हळूहळू, ठराविक अंतराने मुलाकडे जाण्याची रीत समजावून दिली, तेव्हा दोन महिन्यांनी मुलांच्या झोपेच्या तक्रारी कमी झाल्या आणि आयांचे नैराश्यही उतरले. कोणी तरी घरच्या माणसासारखे समोर बसून बोलते, ऐकून घेते, याचाही त्यात वाटा असावा, असे मला वाटते. या गटाने नंतर अशाच दुसऱ्या प्रयोगातील मुलांचा सहाव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला, आणि त्याचा निष्कर्ष 2012 साली जाहीर केला. ज्यांच्या आईबापांना ती रीत शिकविली होती, आणि ज्यांच्या नव्हती, अशा दोन्ही गटांतील मुलांची झोप, वर्तन, आईशी असलेले नाते, सारे तपासले. रीत शिकविल्याने मुलांचे काही बिघडले नव्हते, आणि कायमचा असा लाभही झाला नव्हता. सहा वर्षांच्या त्या मुलांकडे पाहून कोण कोणत्या गटातले, हे कोणालाही सांगता आले नसते.